कार्ड आधीच आत आहे

मेट्रोच्या गेटने लाल दिवा लावला आणि छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली, हे कार्ड आधीच आत आहे. त्याने कार्ड उचललं, शर्टाच्या बाहीला पुसलं, परत टेकवलं. हे कार्ड आधीच आत आहे. अक्षरांची ठेवण शाळेतल्या त्या मास्तरांसारखी होती, जे कॉपी पकडल्यावर आवाज चढवत नाहीत. गेटच्या ह्या बाजूला तो सगळाच्या सगळा होता. आईने निक्षून सांगितलेला निळा शर्ट होता, चकचकीत बूट होते, खिशात पेन होतं, कारण आई म्हणाली होती की सहीला आपलं पेन आण, तिथलं दोरीला बांधलेलं असतं आणि दोरी पुरत नाही. मागच्या माणसाने च्यक केलं आणि तो शेजारच्या गेटला गेला. त्याच्यामागून एकजण कुंडीतलं झाड छातीशी धरून आला, त्याने कार्ड टेकवलं, गेट उघडलं आणि झाड पूर्ण आत जाईपर्यंत अदबीने उघडं राहिलं. झाड आत गेलं. हा बाहेरच.

बाराच्या आत त्याला ह्या मार्गाच्या शेवटच्या स्टेशनवर पोचायचं होतं. तिथल्या नोंदणी कचेरीत आज त्याच्या आईचं लग्न होतं आणि आईच्या बाजूचा साक्षीदार तो होता. शेजारच्या बाई एका पायावर तयार होत्या, आईची मैत्रीण तयार होती, पण आईने कुणाला सांगायला साफ नकार दिला होता. तू आलास तर होईल, नाहीतर नाही, असं ती म्हणाली होती, आणि इतक्या साध्या आवाजात म्हणाली होती की ही विनवणी आहे की धमकी, ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. जायचं की नाही हे त्याने सकाळी दात घासताना ठरवलं नव्हतं. शर्टाची बटणं लावतानाही नाही. गेटपर्यंत आला तेव्हाही त्याचं ठरतच होतं. आता एका हातभर उंचीच्या यंत्राने ते परस्पर ठरवून टाकलं म्हटल्यावर मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न जाण्याचा हक्क त्याचा होता. तो दुसऱ्या कुणी असा येऊन वापरायचा म्हणजे काय?

त्याने मदतीचं बटण दाबलं. जाळीतून एक मऊ, गार आवाज आला, शांत राहा, आमचा माणूस निघालाय. त्याने बटणावरचं बोट काढलं, जणू चटका बसला. हे वाक्य त्याचं होतं. तो लिफ्टच्या कंपनीत होता आणि त्याचं काम एवढंच होतं की शहरात कुठेही कुणी लिफ्टमध्ये अडकून आतलं बटण दाबलं की कानाला यंत्र लावून त्याच्याशी बोलत राहायचं. शांत राहा, आमचा माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा निघालेला नसायचा. तो समोरच्या टपरीवर दुसरा चहा सांगत असायचा. पण अडकलेल्याला ते कळू द्यायचं नाही, हीच तर कला, आणि ह्या कलेत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायका रडायच्या, पुरुष शिव्या द्यायचे, एका गृहस्थांनी त्याला मृत्युपत्र सांगायला घेतलं होतं, आणि तो सगळ्यांना त्याच एका आवाजात थोपटायचा. कंपनीने त्याच्या आवाजाला बक्षीसही दिलं होतं, भिंतीवरचं घड्याळ. चिडणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं, त्यामुळे ते घरात बसत होतं, आणि घरात आता तो एकटाच असल्यामुळे ते रिकाम्या खुर्चीवर बसत होतं. आणि आज हे वाक्य पलीकडच्या बाजूने कसं ऐकू येतं ते त्याला कळलं. खोटं वाटत नव्हतं, हेच वाईट. डोक्यावर हात ठेवून कुणी खाली दाबतंय असं वाटत होतं.

माणूस अर्थातच आला नाही. तो खिडकीकडे गेला. खिडकीतल्या बाईने कार्ड आपल्या यंत्रावर ठेवलं, पाहिलं, आणि म्हणाली की तुम्ही काल संध्याकाळी आत गेलात आणि बाहेर आला नाहीत. तो म्हणाला, मी तुमच्यासमोर उभा आहे.

"मला दिसताय," बाई यंत्राकडे बोट करून म्हणाली. "त्याला दिसत नाही आहात."

मग समजुतीच्या स्वरात, म्हणजे त्याच्याच स्वरात, तिने सांगितलं की असं होतं कधीकधी. जिथे उतरायचं होतं त्या स्टेशनवर बाहेर पडताना कार्ड टेकवा, कालचा प्रवास मिटेल, जास्तीत जास्त भाडं कापेल, विषय संपला. त्याने विचारलं, आणि त्या स्टेशनवर जाऊ कसा? बाई म्हणाली, मेट्रोने. पण मेट्रोत जायला कार्ड लागतं, आणि कार्ड आत सोडत नाही. बाईने मान हलवली. "तुम्ही आतच आहात ना पण," ती म्हणाली. नवीन कार्ड द्या म्हटलं तर तुमच्या नावाचं एक चालू आहे आणि ते प्रवासात आहे. प्रवासात असलेल्या माणसाला दुसरं कार्ड देता येत नाही. सुटं तिकीट म्हटलं तर ते कार्डं आली तेव्हाच बंद झालं. हे सगळं ती कुणाचा मत्सर नाही, कुणाचा राग नाही अशा चेहऱ्याने सांगत होती, आणि त्याला काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं, स्वतःचं की तिचं एवढंच ठरायचं होतं. बाहेर टॅक्सी होत्या. टॅक्सीने तो वेळेच्या आधी पोचला असता. पण चिडलेल्या माणसाला दुसरा रस्ता दिसत नाही, त्याला तेच दार उघडून हवं असतं.

आणि काल तो बाहेर आला नव्हता हे खरंच होतं. काल आईने त्याला नवीन घर बघायला बोलावलं होतं. नवीन म्हणजे तिला नवीन, ज्याचं होतं त्याच्यासाठी ते जन्मापासूनचं. तो शेवटच्या स्टेशनपर्यंत गेला, गाडीतून उतरला, आणि बाहेर जायच्या गेटच्या अलीकडे एक बाक होतं त्यावर बसला. बूट बघत बसला. गाड्या येत होत्या, माणसं उतरून कार्ड टेकवून घरी जात होती, प्रत्येक बीपबरोबर एकेक माणूस शहराला परत मिळत होता, आणि हा बसलेलाच. पाच पावलांवर गेट, गेटच्या पलीकडे जिना, जिन्याच्या पलीकडे आई, आणि आईच्या शेजारी तिचा होणारा नवरा, तो काटेवाला. शेवटी तो उठला आणि परतीच्या गाडीत बसला. आपल्या स्टेशनवर कसला तरी सामना सुटला होता, लोंढा आवरेना म्हणून सगळी गेटं सताड उघडून ठेवली होती, त्यामुळे कार्ड टेकवायचा प्रश्नच आला नाही. घरी येऊन त्याने आईला फोन केला आणि त्याच बक्षिसाच्या आवाजात सांगितलं की आलो होतो, दाराला कुलूप होतं. आई जराशी थांबली. हो का, म्हणाली, मी खाली गेले असेन. हेही खोटं आहे हे त्याला तिच्या थांबण्यातच कळलं, आणि त्याचं खोटं तिला त्याच्या आवाजात. दोघांनी एकमेकांचं खोटं जपून खाली ठेवलं, काचेच्या भांड्यासारखं. आता ह्या यंत्राने ते सगळ्या स्टेशनासमोर वर धरलं होतं. हा माणूस आत बसलाय. अजून बाकावर बसलाय.

छातीच्या खिशात आणखी एक कार्ड होतं, बाबांचं. ज्येष्ठांचं, सवलतीचं, त्यावर बाबांचा फोटो. फोटो काढणाऱ्याने तीन म्हणायच्या आधीच बटण दाबलं होतं, त्यामुळे बाबांचे डोळे अर्धे मिटलेले, आणि सरकारच्या लेखी ते कायमचे पेंगुळलेले राहिले. बाबा कार्ड टेकवायचे म्हणजे कुणाच्या तरी पाठीत थाप मारल्यासारखे मारायचे, आणि बीप वाजला की त्याला उत्तर द्यायचे, ठीक आहे. दर वेळी. त्यांच्या पुढेमागे उभं राहायची त्याला लहानपणी नाही, चांगला मोठा झाल्यावर लाज वाटायची. घरात दाराजवळच्या मेजावर एक वाडगा होता, त्यात तिघांची कार्डं पडलेली असत, आणि बाबा गेल्यावरही वाडग्यात तीनच राहिली. कारण आईला कुणीतरी सांगितलं होतं की कार्ड फार दिवस वापरलं नाही तर ते झोपतं, मग ते जागं करायला ज्याचं त्याला कचेरीत जावं लागतं. ज्याचं त्याला नेणं शक्य नव्हतं. म्हणून आई अधूनमधून आपलं कार्ड वाडग्यात ठेवायची, बाबांचं घ्यायची, शेवटच्या स्टेशनपर्यंत जायची आणि परत यायची. ह्यांना फिरवून आणते, असं म्हणून चपला घालायची. तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, बरं. हे विचित्र आहे असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही. घर म्हणजे काय, तर जिथला वेडेपणा तिथल्यांना दिसत नाही.

अशाच एका फेरीत शेवटच्या स्टेशनवर बाहेर पडताना कार्ड लागेना. तपासनीस आला, त्याने कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. तेव्हा तिच्या मागे उभा असलेला एक अनोळखी म्हातारा, आयुष्यभर दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केलेला, खिशात अजून पितळी वजनं वागवणारा, पुढे झाला आणि शांतपणे म्हणाला, "मागे राहिलेत. येतायत." झालं. तपासनीस म्हणाला, येऊ देत. मग तिघं उभे राहिले. गाडी आली की तिघं फलाटाच्या जिन्याकडे बघायचे, माणसं उतरायची, बाबा उतरायचे नाहीत, तिघं पुन्हा समोर बघायचे. अशा किती गाड्या गेल्या कोण जाणे. शेवटी तपासनीसच वैतागला. बायकोला असं ताटकळत ठेवतात का, म्हणाला, आणि आई म्हणाली, त्यांची सवयच आहे. त्याने कार्ड आपल्या पँटला खसाखसा घासलं, टेकवलं, गेट उघडलं. आईने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सांगता सांगता तिला इतकं हसू आलं की ती चपलांसकट जमिनीवर बसली. बाबा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. आणि तोही हसला. पोट धरून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, परत सांग, तपासनीस काय म्हणाला.

हे त्याला स्वतःला माफ करता येत नव्हतं. काटेवाला त्या घरात दारातून आला नाही, त्याच्या हसण्यातून आला. त्यानंतर आई शेवटच्या स्टेशनला वारंवार जायला लागली, आणि बाबांचं कार्ड वाडग्यातच राहायला लागलं. ती आपल्या कार्डावर जायची. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो वाडग्यापाशी बराच वेळ उभा राहिला होता, चोरी झालेल्या घरात माणूस उभा राहतो तसा, काय गेलंय ते न कळून. ती बाबांना फिरवायला घेऊन गेली आणि दुसऱ्यालाच घेऊन आली, असं तो मनात म्हणायचा, आणि मनात म्हणतानाही ते विनोदीच वाटायचं, त्यामुळे जास्त चीड यायची. काटेवाल्याशी भांडावं तर तोही धड भांडू देत नव्हता. पहिल्यांदा घरी आला तेव्हा स्वयंपाकघरातला वजनकाटा उलटा करून त्याने फुंकर मारली आणि हलकेच म्हणाला, चिरंजीव, हा तुम्हाला आजवर थोडं जास्तच सांगत आलाय. चिरंजीव. काका म्हण, आई म्हणाली होती. त्याने आजवर त्या माणसाला काहीही म्हटलं नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलायचा आणि काटेवाला भिंतीच्या वतीने उत्तर द्यायचा.

आज बाबांचं कार्ड त्याने खिशात टाकलं ते सहीच्या आधी कचेरीच्या टेबलावर आपटायला. आपटून काय बोलायचं ते अजून सुचलं नव्हतं, पण आपटायचं कसं ते त्याने आरशासमोर करून पाहिलं होतं. आता ते त्याने बाहेर काढलं. हे झोपलेलं असणार, त्याच्या हिशेबाने तर कधीच. तो गेटपाशी गेला आणि आपोआपच, पाठीत थाप मारावी तसं, ते यंत्रावर मारलं. हिरवा दिवा. बीप. "ठीक आहे," तो म्हणाला. शेजारच्या गेटमधल्या मुलीने वळून पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तोवर तो आत होता.

गाडीत बसायला जागा होती, तरी तो उभा राहिला. कार्ड जागं होतं. म्हणजे कुणीतरी जागं ठेवलं होतं. घराची एक किल्ली आईकडे होती, तो कामावर असताना ती झाडांना पाणी घालायला येऊन जायची, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणजे झाडांचं निमित्त. म्हणजे ती अजून त्यांना फिरवत होती, चोरून, त्याच्यापासून चोरून, नवऱ्याला पळवून नेल्यासारखी, आणि पलीकडच्या टोकाला जिन्याखाली काटेवाला उभा असणार, पितळी वजनं खिशात खुळखुळवत, दोघांची वाट बघत. तिघांचं छान चाललं होतं. तेवढा हाच एक बाहेर. खिडकीच्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता, उजेडाने त्याचे डोळे अर्धे मिटले होते. लोक म्हणायचे तू आईवर गेलास. लोकांना काय कळतं! बाबांना राग आला की ते बोलायचे नाहीत, दाराच्या कड्या तपासायचे. एकेक कडी, लावलेली असली तरी काढून परत लावायची. एवढीच त्यांची तऱ्हा होती. तो निदान पगार घेऊन बोलत तरी होता. शांत राहा, आमचा माणूस निघालाय. कचेरीत आई आता तेच सांगत असेल, टेबलामागच्या माणसाला. मुलगा निघालाय. आणि तो टेबलामागचा माणूस घड्याळ बघत मनात म्हणत असेल, बसलाय कुठेतरी चहा पीत.

शेवटचं स्टेशन. उतरला. बाक तिथेच होतं, रिकामं, आणि त्याला क्षणभर खरंच वाटलं की जवळ गेलो तर तिथे कुणीतरी बूट बघत बसलेलं दिसेल. तो गेटकडे गेला आणि पाच पावलांवर थांबला. त्याने दोन्ही कार्डं बाहेर काढली, दोन हातांत दोन. काल तो आपल्या कार्डावर आत आला होता आणि बाहेर पडला नव्हता. आज बाबांच्या कार्डावर आत आला होता. आत दोघं होते, आणि बाहेर पडायला माणूस एकच. बाबांचं टेकवलं तर बाबा बाहेर पडतील, लग्नाला हजर होतील, आणि तो स्वतः बाकावर राहील, यंत्राच्या लेखी कायमचा, हे कार्ड आधीच आत आहे. आपलं टेकवलं तर तो सुटेल आणि बाबा आत राहतील. मग ते कार्ड पुन्हा कुठल्याच गेटला चालायचं नाही, कचेरीत ज्याचं त्याला जावं लागेल. ह्यांना फिरवून आणते, हे संपलं. आईचं ते सुख आपल्या हाताने मोडायची ही आयती संधी होती आणि त्याला ती हवी होती, अगदी दात ओठ खाऊन हवी होती. आणि त्याच वेळी दुसरं टोकही हातात होतं: बाबांना बाहेर काढायचं, त्या दोघांपुढे उभं करायचं, बघा म्हणायचं, आणि आपण मागे फिरायचं. साक्षीदार आलाच नाही. रीतसर. यंत्राची नोंद. मागे लोक साचले. कुणीतरी विचारलं, जायचंय की नाही? हा प्रश्न सकाळपासून त्याला माणसाने पहिल्यांदाच विचारला होता.

गेटच्या पलीकडे आई उभी होती. कचेरीत नव्हती, इथेच होती. साधी साडी, हातात पर्स, केसांत काही नाही. तिच्यामागे दोन पावलं काटेवाला. ती हात हलवत नव्हती, बोलावत नव्हती. नुसती बघत होती, आणि तिच्या बघण्यात नवल नव्हतं. काल इथे बसलेल्याला पाठमोरं पाहिलेल्या माणसाचं ते बघणं होतं.

त्याने आपलं कार्ड टेकवलं. यंत्राने जरा विचार केला, मग हिरवा दिवा लावला. तो बाहेर आला.

आईने आधी त्याची कॉलर सारखी केली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काल तुझी पाठ दिसत होती इथून."

हाक का नाही मारलीस, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ती मारली असती तर तो गाडीत बसून गेला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात तिची नजर त्याच्या डाव्या हाताकडे गेली. हातात अजून बाबांचं कार्ड होतं. ह्यांचं आणलंस, असं ती म्हणाली, आणि तो भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला की माझं अडकलं होतं, ह्याच्यावर आत आलो, बाहेर माझ्यावर आलो. आईला गेटांचा हिशेब त्याच्यापेक्षा चांगला येत होता. तिने कार्ड हातात घेतलं, फोटोवरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा बदलताना त्याने पाहिला, आणि हेच आपल्याला हवं होतं हेही त्याला कळलं, आणि ते मिळाल्यावर त्याचं काय करायचं ते कळेना.

"म्हणजे हे आत," आई म्हणाली.

त्याला बोचेल असं काहीतरी बोलायचं होतं. आरशासमोर जे सुचलं नव्हतं ते आता जिभेवर आयतं आलं, आणि त्याने ते घाव घालावा तसं त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर, पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघून, टाकलं.

"मागे राहिलेत," तो म्हणाला. "येतायत."

आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की दुसरं काही, ते बघायचं त्याने टाळलं, कारण ह्या वेळी हसायचं नाही असं त्याने जबडा आवळून ठरवलं होतं. काटेवाला हसला नाही. चिरंजीव म्हणाला नाही. त्याने नुसती मान डोलावली, फलाटाच्या जिन्याकडून नुकत्याच आलेल्या गाडीची माणसं गेटांकडे येत होती तिकडे पाहिलं, आणि कुणाला तरी नीट बाहेर पडता यावं म्हणून एक पाऊल बाजूला सरकून उभा राहिला.